नोंदीत नसलेला माणूस

फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटवर फेडरल न्यायालयाची उंच इमारत आहे. तिच्यातल्या अपील न्यायालयाच्या दालनाबाहेर, बाकावर, साठी ओलांडलेल्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. चर्चला जाताना घालतात तसा कडक इस्त्रीचा फिकट पिवळा पोशाख, मांडीवर तपकिरी लिफाफा आणि रात्रभर बसमध्ये अवघडून बसल्यावर येते तशी चेहऱ्यावर सूज. आमच्या कार्यालयाचा खटला त्या दिवशी यादीत तिसरा होता आणि त्यांच्या मुलाचा पहिला. बराच वेळ समोरच्या लाकडी दारांकडे पाहून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "त्याला कोणत्या दाराने आणतील?" प्रश्न समजायलाच मला क्षणभर लागला. अमली पदार्थांच्या कटात ज्यूरीने दोषी ठरवलेला, दहा वर्षांची शिक्षा झालेला मुलगा आज न्यायाधीशांसमोर उभा केला जाईल आणि आपल्याला दिसेल, अशा समजुतीने त्या आल्या होत्या. तुरुंगात असलेल्या अपीलकर्त्याला इथे आणत नाहीत, फक्त वकील बोलतात, असे मी जमेल तितक्या सौम्यपणे सांगितले. त्यांनी लिफाफा उलटा करून पुन्हा सुलटा केला. "पण वकिलाने त्याला अजून पाहिलेलेही नाही," त्या म्हणाल्या, "फोनवरच बोललेत."

यात वकिलाची कुचराई होती असे मला वाटत नाही. अपिलासाठी न्यायालयाने नेमून दिलेला वकील कधीकधी नवा असतो, अशील दूरच्या तुरुंगात असतो आणि वकिलाला ज्याच्याशी झटायचे असते तो माणूस नसून कागद असतो. माझे रोजचे काम याच कागदांचे आहे. न्यू जर्सीतल्या एका लहान वकिली कार्यालयात मी अपिलांची कागदपत्रे लावते. साक्षींच्या लेखी नोंदी, पुराव्यांच्या प्रती, शिक्षेच्या सुनावणीतले बोलणे, हे सगळे क्रमाने लावून युक्तिवादातल्या प्रत्येक वाक्याखाली पानाचा आकडा नेमका पडला आहे की नाही हे तपासायचे. साक्षीच्या नोंदीच्या प्रत्येक पानावर पंचवीस ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला आकडा असतो. महिनोन्महिने मी त्या पानांत वावरते, साक्षीदारांच्या लकबी मला पाठ होतात, कोणता पोलीस अधिकारी प्रत्येक उत्तराआधी "बरोबर" म्हणतो हेही ठाऊक होते. आरोपीचा आवाज मात्र बहुतेक वेळा कुठेच नसतो. त्याने साक्ष दिलेली नसते. गप्प राहण्याचा त्याला हक्क आहे आणि बहुतेक वकील त्याला तोच सल्ला देतात. तो सापडतो फक्त चोरून ऐकलेल्या फोन संभाषणांत: "हो", "येतो", "ते घेऊन ये", "किती?" यांसारख्या तुटक शब्दांत. त्या शब्दांचा अर्थ काय, हे ज्यूरीला तपास अधिकारी समजावून सांगतो. "शर्ट" म्हणजे शर्ट नव्हे, "तिकीट" म्हणजे तिकीट नव्हे. असेलही तसे. पण ओळ क्रमांक अकरावरचा तो "हो" कोणत्या सुरात म्हटला गेला होता, हे मला कधी कळलेले नाही.

माझे वडील साताऱ्यात एका दिवाणी-फौजदारी वकिलांकडे कारकून होते. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन कोर्टाच्या आवारात जाई. टंकलेखकांची खडखड, कार्बन पेपरचा निळसर वास, स्टॅम्पव्हेंडरच्या टेबलावरची डिंकाची बाटली आणि पट्टेवाल्याने नावाचा मोडतोड करून केलेला पुकारा. खटाव-माणकडची माणसे फडक्यात भाकरी बांधून आलेली असत. निकाल विरुद्ध गेला की थोडा वेळ रडारड होई आणि मग घोळक्यातला कोणीतरी म्हातारा म्हणे, "वर जाऊ. वर कोणतरी ऐकंल." वडील लगेच निकालाच्या नकलेचा अर्ज भरायला घेत, कारण नक्कल हाती आल्याखेरीज पुढे पाऊल टाकता येत नसे. त्या "वर" या शब्दावर केवढा विश्वास असे! त्या विश्वासाला कायद्यातही आधार होता. आपल्याकडे सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात पहिले अपील झाले की न्यायमूर्ती पुरावा स्वतः नव्याने वाचतात, साक्षीदार विश्वासार्ह होता का याचा पुन्हा विचार करतात आणि खालच्या न्यायाधीशाचे मत पटले नाही तर बाजूला सारतात. यात वर्षे जातात, कित्येकदा शिक्षा भोगून संपत येते. आपला अमली पदार्थविरोधी कायदा तर अमेरिकेपेक्षाही करडा आहे. १९८५च्या त्या कायद्याचे ३५वे कलम आरोपीच्या मनात गुन्हेगारी हेतू होता असे गृहीत धरते आणि तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकते. तरीही वर गेल्यावर काय घडले याची गोष्ट पुन्हा एकदा ऐकली जाते, एवढे खरे.

अमेरिकेत तसे नाही, आणि शेजारच्या बाईंना ते कोणी सांगितलेले नव्हते.

इथे काय घडले हे ठरवायचा अधिकार बारा माणसांच्या ज्यूरीला आहे आणि तो तिथेच संपतो. १९७९ साली जॅक्सन विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी घालून दिली, ती आजही प्रत्येक अपिलात पहिल्याच पानांत येते: सगळा पुरावा सरकार पक्षाला अनुकूल अशा रीतीने मांडून पाहायचा आणि मग विचारायचे, की कोणत्याही समंजस ज्यूरीला हा आरोपी निःसंशय दोषी वाटू शकला असता का? न्यायाधीशांना स्वतःला तो दोषी वाटतो का, हा प्रश्नच नाही. साक्षीदार खोटारडा वाटला तरी ज्यूरीने त्याच्यावर विश्वास ठेवला असेल तर अपील न्यायालयालाही तो ठेवावा लागतो. आपल्या पिढ्यांना ज्यूरी आठवते ती मुंबईतल्या नानावटी खटल्यामुळे. १९५९ साली आठ विरुद्ध एक मतांनी ज्यूरीने नानावटींना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो निर्णय मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे पुरावा तपासून जन्मठेप झाली. हे अमेरिकी सहकाऱ्यांना सांगितले की त्यांच्या भुवया वर जातात. इथे ज्यूरीने निर्दोष सोडले की विषय कायमचा संपला. कोणतेही न्यायालय त्याला हात लावू शकत नाही. त्या पवित्र्याचा मला आदर वाटतो. पण दोषी ठरवणाऱ्या निर्णयालाही जवळपास तितकीच तटबंदी मिळते आणि तिच्या पलीकडे एखाद्याचा मुलगा असतो.

चोरी, खून, दरोडा या गुन्ह्यांत निदान काही घडलेले असते. कटाच्या गुन्ह्यात सिद्ध करायची असते ती सहमती, आणि सहमती कोणी कागदावर लिहून ठेवत नाही. फेडरल कायद्याच्या २१व्या शीर्षकातले ८४६वे कलम फार छोटे आहे. अमली पदार्थांसंबंधीचा गुन्हा करण्याचा कट जो करील, त्याला त्या मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा, इतकेच त्यात म्हटले आहे. १९९४ साली शबानी या अलास्कातून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की या कलमाखाली कटाच्या दिशेने एखादी उघड कृती झाली हे दाखवण्याचीही गरज नाही, संगनमत पुरे. या कलमाला आजची धार चढली ती १९८६ आणि १९८८ या दोन वर्षांत. १९८६च्या जूनमध्ये लेन बायस हा बास्केटबॉलचा विलक्षण खेळाडू बोस्टन सेल्टिक्सने निवडल्यानंतर दोनच दिवसांत कोकेनने गेला, देश हादरला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, काही महिन्यांत वजनावर बेतलेल्या सक्तीच्या किमान शिक्षा मंजूर केल्या. एक किलो हेरॉइन किंवा पाच किलो कोकेन असेल तर किमान दहा वर्षे. शंभर ग्रॅम हेरॉइन किंवा पाचशे ग्रॅम कोकेनला किमान पाच. १९८८मध्ये त्याच शिक्षा कटालाही लागू झाल्या. तेव्हापासून तराजूवर एका माणसाच्या हातातला माल न राहता सगळ्या टोळीचा माल येऊ लागला. ज्याने दोन-चारदा गाडी चालवली, त्याच्याही खात्यात इतरांनी हाताळलेले वजन येऊ शकते. ते वजन ज्यूरीसमोर निःसंशय सिद्ध व्हावे लागते, असे २०१३च्या अलेन निकालाने ठरवले, हा त्यातल्या त्यात दिलासा. फेडरल तुरुंगातून पॅरोलवर सुटण्याची वाट तर १९८४च्या कायद्याने नव्या कैद्यांसाठी बंदच करून टाकली आहे. चांगल्या वर्तणुकीबद्दल वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस सूट मिळते.

मग अपिलात भांडायचे कशावर? मला या कामातला सर्वांत जिवंत भाग इथे सापडतो. विकत घेणारा आणि विकणारा यांच्यात व्यवहार होतो, तेवढ्याने ते कटवाले होतात का? १९४०च्या फाल्कोन खटल्यात बेकायदा दारू गाळणाऱ्यांना साखर आणि यीस्ट पुरवणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने कटातून मोकळे केले. माल कुठे जातो हे माहीत असणे म्हणजे कटात सामील होणे नव्हे. तीनच वर्षांनी, १९४३मध्ये, दक्षिण कॅरोलायनातल्या एका डॉक्टरला टपालाने वर्षानुवर्षे अफाट प्रमाणात मॉर्फिनच्या गोळ्या पाठवणाऱ्या डायरेक्ट सेल्स कंपनीची शिक्षा मात्र कायम झाली, कारण साखर कोणीही घेतो, मॉर्फिनचे तसे नाही, आणि कंपनीने खप वाढावा म्हणून स्वतःहून जोर लावला होता. फिलाडेल्फियाचे अपील न्यायालय १९९९च्या गिब्ज निकालापासून पाहते ते असे: दोघांचा व्यवहार किती काळ चालला, भाव-पद्धत ठरलेली होती का, परस्परांवर विश्वास होता का आणि माल उधारीवर दिला जाई का. उधारी दिसली की न्यायाधीशांचे कान टवकारतात, कारण ज्याला उधार दिले त्याचा माल खपण्यात देणाऱ्याचाही जीव अडकलेला असतो. कोट्टिआकोस हा १९४६चा खटला तर कर्जांच्या लबाडीचा होता, पण अमली पदार्थांच्या अपिलांत तो सतत निघतो. एकच दलाल, त्याच्याशी स्वतंत्रपणे जोडलेले अनेक लोक, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो एक मोठा कट होत नाही, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. चाकाला आऱ्या आहेत, पण त्यांना बांधणारी धाव नाही. ही उपमा तिथल्याच निकालातली आहे आणि आमच्या गावच्या लोहाराला लालभडक धाव गाडीच्या चाकावर चढवताना पाहिलेल्या मला ती वाचताक्षणी कळली होती. धाव बसेपर्यंत ती नुसती लाकडे असतात.

जाणिवेचा प्रश्न याहून अवघड आहे. फिलाडेल्फियाच्या याच अपील न्यायालयाने १९८८च्या वेक्सलर निकालापासून अनेक वर्षे एक कसोटी नेटाने पाळली होती: काहीतरी बेकायदा चालले आहे हे आरोपीला कळत होते एवढे पुरेसे नाही, तो माल अमली पदार्थांचाच होता हे त्याला माहीत होते असे दिसले पाहिजे. हशीशच्या ट्रकभोवती टेहळणी करणारा माणूस त्या कसोटीवर कटातून सुटला होता. २०१३मध्ये पोर्टो रिकोहून फिलाडेल्फियाच्या विमानतळावर उतरून सरकत्या पट्ट्यावरून कोकेनच्या दोन बॅगा उचलणाऱ्या कॅराबायो-रॉड्रिगेझचा खटला आला. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले होते, खालच्या न्यायाधीशांनी जुन्या निकालांच्या आधारे मोकळे केले होते. अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ज्यूरीचा निर्णय पुन्हा उभा केला आणि आपल्याच जुन्या निकालांत आपण ज्यूरीच्या जागी बसत होतो, असे मान्य केले. कायद्याच्या शिस्तीने पाहिले तर ते निकालपत्र मला खोडता येत नाही. तरीही ते वाचून झाल्यावर एक अस्वस्थता मागे राहते, आणि २०२४च्या डियाझ निकालाने ती वाढवली. मेक्सिकोच्या सीमेवर मेथ नावाचा अमली पदार्थ लपवलेली गाडी चालवत आलेल्या बाईचे म्हणणे होते की गाडीत काय आहे हे तिला ठाऊक नव्हते. सरकारच्या तज्ज्ञाने ज्यूरीला सांगितले की अशा बहुतेक वाहकांना ते ठाऊक असते. सहा विरुद्ध तीन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने ही साक्ष चालते असे ठरवले, कारण तज्ज्ञ "बहुतेक" म्हणाला, "ही बाई" म्हणाला नाही. ज्यूरीच्या खोलीत त्या दोहोंमधले अंतर कितीसे उरते?

त्या सकाळी दालनात बाईंच्या मुलाच्या वकिलाला पंधरा मिनिटे मिळाली. बोलण्याच्या उभ्या टेबलावर लहान दिवे असतात. हिरवा असेपर्यंत बोलायचे, पिवळा लागला की आवरते घ्यायचे, लाल लागला की थांबायचे. तीन न्यायाधीशांनी सगळे वाचलेले होते, हे त्यांच्या प्रश्नांवरून दिसत होते. कोणी उर्मटपणे बोलले नाही, कोणी घाई केली नाही. वकील तपास अधिकाऱ्याने फोनवरच्या शब्दांचा जो अर्थ लावला होता त्यावर बोलत होता. ते सगळे अर्थ तज्ज्ञ म्हणून सांगता येतील का, की अधिकारी ज्यूरीच्या वतीने निष्कर्षच काढून देत होता? मुद्दा चांगला होता. मधल्या न्यायाधीशांनी विचारले, "खाली यावर हरकत घेतली होती का?" वकील थांबला आणि एका ठिकाणी घेतली होती, बाकीच्या ठिकाणी नाही, असे म्हणाला. त्या उत्तरासरशी मुद्द्याचे वजन निम्मे झाले हे मला कळले. हरकत घेतली नसेल तर चूक ढळढळीत असावी लागते, तिने निकालावर परिणाम केलेला असावा लागतो आणि एवढे होऊनही ती दुरुस्त करायची की नाही हे न्यायालयाच्या मर्जीवर राहते. खटल्याच्या एखाद्या दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, वकील खुर्चीतून उठला नाही आणि त्याचा हिशेब वर्षांनी इथे झाला. शेजारी बाई तो लिफाफा घट्ट धरून बसल्या होत्या. त्यात काय आहे ते त्यांनी बाहेर सांगितले होते: मुलाच्या जुन्या मालकाचे पत्र, शाळेतल्या शिक्षिकेचे पत्र आणि त्या दिवशी तो खरोखर कुठे होता याबद्दल चुलतभावाने लिहून दिलेले दोन कागद. यातले एकही पान या दालनात उघडता येणार नव्हते. जे खालच्या न्यायालयात नोंदले गेले नाही, ते इथे घडलेलेच नसते.

मी हे लिहिते आहे ते सगळे आरोपी निरपराध असतात अशा भाबडेपणाने नव्हे. त्याच शहरात केन्सिंग्टन अव्हेन्यू आहे. वरून उन्नत रेल्वे धडधडत जाते आणि खाली, तिच्या लोखंडी खांबांच्या सावलीत, माणसे कमरेत वाकून, हात लोंबत, उभ्या उभ्या गुंगीत असतात. एका तरुण मुलीच्या पायावरची जखम मी गाडीच्या काचेतून पाहिली आहे आणि ती विसरता आलेली नाही. अमेरिकेत २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत दर वर्षी लाखाहून अधिक माणसे अशा पदार्थांच्या अतिसेवनाने गेली. त्यांच्याही आया कुठल्यातरी बाकांवर बसल्या असतील. विष विकणाऱ्या टोळ्या मोडायच्या तर सूत्रधारांपर्यंत पोचायला हवे आणि कटाचे कलम नसेल तर ते हाती लागणार नाहीत, हे सरकारी वकिलांचे म्हणणे मला पटते. पण कागद लावताना दिसते ते असे, की ज्याच्याकडे सांगण्यासारखी माहिती अधिक, त्याला सरकारशी सौदा करता येतो. आपल्याकडच्या माफीच्या साक्षीदारासारखा तो उभा राहतो आणि त्याची शिक्षा किमान मर्यादेच्याही खाली येऊ शकते. ज्याला चार नावेसुद्धा ठाऊक नाहीत, त्याच्याकडे विकायला काही नसते. फेडरल खटल्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी गुन्हा कबूल करतात आणि पुष्कळदा त्या करारातच अपिलाचा हक्क सोडून देतात. उरलेल्यांतले जे ज्यूरीसमोर हरतात, त्यांना निकालपत्र नोंदले गेल्यापासून चौदा दिवसांत एका पानाची अपिलाची सूचना द्यावी लागते. नंतर निळ्या मुखपृष्ठाचा त्यांचा युक्तिवाद, लाल मुखपृष्ठाचे सरकारचे उत्तर, राखाडी मुखपृष्ठाचे प्रत्युत्तर. तोवर माणूस आतच असतो, कारण अशा गुन्ह्यांत अपील चालू असताना जामीन जवळजवळ मिळत नाही. फेडरल तुरुंगातून येणारा फोनही साधारण पंधरा मिनिटांनी तुटतो. दालनात त्याच्या वकिलाला मिळाली तेवढीच मिनिटे.

त्या खटल्याचा निकाल मी पुढे न्यायालयाच्या यादीत शोधून वाचला. शिक्षा कायम. पहिल्याच पानावर, हा निकाल पुढे पायंडा म्हणून धरला जाणार नाही, अशी ओळ होती. फेडरल फौजदारी अपिलांतली शंभरात दहासुद्धा यशस्वी होत नाहीत, त्यामुळे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. निकालपत्र नीट लिहिलेले होते, न्यायाधीशांनी अधिकाऱ्याच्या साक्षीतला काही भाग चुकीचा होता असे मान्यही केले होते. मात्र उरलेला पुरावा पाहता त्या चुकीने फरक पडला नसता, असे त्यांचे मत पडले. मी ते दोनदा वाचले आणि मला राग आला नाही. वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. त्या दोन वर्षांत त्या बाईंनी सगळी आशा ज्या जागेवर ठेवली, ती त्यांची कागदपत्रे स्वीकारणारी जागाच नव्हती, आणि जी जागा होती तिची वेळ आता सुरू होत होती.

शिक्षा अंतिम झाल्यावर एका वर्षाच्या आत, २८व्या शीर्षकाच्या २२५५व्या कलमाखाली, ज्या न्यायाधीशांनी शिक्षा दिली त्यांच्याकडेच अर्ज करता येतो. खटल्यातला वकील अक्षम ठरला, त्याने हरकत घ्यायला हवी होती, चुलतभावाला साक्षीला बोलवायला हवे होते, हे सगळे तिथे मांडता येते आणि नोंदीबाहेरचे कागद तिथे प्रथमच जोडता येतात. असे मुद्दे मूळ अपिलात न मांडता या अर्जात मांडले तरी चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३च्या मासारो निकालात स्पष्ट केले आहे. पण या टप्प्यावर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. बहुतेक कैदी तुरुंगाच्या वाचनालयात बसून छापील अर्ज स्वतःच्या हाताने भरतात, आणि वर्ष उलटून गेले तर आतला मजकूर कितीही खरा असला तरी तो बहुधा वाचलाच जात नाही. अपिलाच्या सूचनेवर सही घेतानाच प्रत्येक कुटुंबाला हे सांगितले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे: वर काय ऐकतात, काय ऐकत नाहीत, साक्षीदारांचे म्हणणे आताच प्रतिज्ञापत्रावर का घ्यायचे आणि वर्ष कोणत्या दिवसापासून मोजायचे. आमच्या कार्यालयात अशिलांच्या घरच्यांना पाठवायच्या पहिल्या पत्रात मी आता हे चार मुद्दे घालते. साहेबांनी ते पत्र वाचून एकच दुरुस्ती केली. "एक वर्ष" याखाली त्यांनी शाईने रेघ ओढली आणि कोऱ्या जागेत तारीख लिहायला सांगितली.